मिक्सरमधली पुरणपोळी

अंगात येणाऱ्या बाईला मी आधी एकच विचारते, "जेवलीस का गं?"

बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं. उपाशी बाई घुमते. मार खाल्लेली बाई घुमते. जिचं घरात कुणी ऐकत नाही, ती देवीच्या तोंडानं दोन शब्द बोलून घेते आणि गाव तेवढ्यापुरतं तिच्या पाया पडतं. हे मला कुणी कॉलेजात शिकवलं नाही. मी सातवीत शाळा सोडली. हे मी बायकांच्या चुलीपाशी बसून शिकले, त्यामुळं घुमण्यातलं मला सगळं कळतं असा माझा समज होता, आणि तो मी भाषणात ठणकावून सांगायचेही. मंगलनं तो मोडला. मंगल उपाशी असली की शहाण्यासारखी बसायची. जेवली की घुमायची.

तिचं गाव विट्याच्या पूर्वेला, माळावर. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर शुक्रवारी आणखी दोन जीपा भरून येतील.

मला तिथं नेलं ते तिच्या लेकीनं, सोनमनं. सांगलीत बी.एस्सी. करते. तिच्या कॉलेजात मी एकदा अंधश्रद्धेवर बोलले होते, तेव्हा नंबर घेतलेला. मार्गशीर्षात तिचा फोन आला.

"आक्का, माझ्या आईच्या अंगात येतंय."

"कवापासनं?"

"श्रावणापासनं. दर शुक्रवारी."

"बाप मारतो का?"

"पप्पा तिकडं सेलमला असतात. गलाईचं दुकान हाय."

गलाई म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचा धंदा. आमच्या भागात घरटी एक माणूस त्यासाठी कुठल्या तरी परमुलखातल्या शहरात बसलेला असतो.

"मग सासू उपाशी ठेवती काय?"

"न्हाई हो. आज्जी उलट लय खाऊ घालते." पोरगी घुटमळली. "आक्का, यात एक गोष्ट हाय. पण आज्जीनं मला शपथ घातलीया. तुमी एकदा येऊन बघा तरी."

शपथ म्हटलं की माझं डोकं फिरतं. पुढच्या शुक्रवारी मी एसटीनं गेले.

घरासमोर चपलांचा ढीग. अंगणात मांडव. सोप्यात घोंगडं अंथरलेलं, त्यावर मंगल बसलेली. वय पंचेचाळिशीचं, मोठ्या हाडाची बाई. मोठं लेणं उतरवल्यावर कानाची पाळी जशी लोंबते, तसं दंडाचं कातडं लोंबत होतं. मोठं अंग घाईनं उतरल्याची ती खूण. शेजारी तिची सासू सुलाबाई, ठेंगणी, कडक, हातात चांदीची वाटी. वाटीत पिवळसर, दाट असं काहीतरी होतं. सुलाबाई ते चमच्यानं सुनेच्या तोंडात घालत होती, आणि समोर बसलेल्या शंभरभर बायका-बाप्यांचे डोळे त्या चमच्याबरोबर वर-खाली होत होते.

"काय हाय गं वाटीत?" मी शेजारच्या बाईला विचारलं.

"निवद. पुरणपोळी, दूध, तूप. मिक्सरातनं काडल्यालं."

"मिक्सरातनं? देवीला दात न्हाईत व्हय?"

तिनं माझ्याकडं डोळे वटारून बघितलं. वाटी संपली. आरती झाली. सुलाबाई पदरानं सुनेचं तोंड पुसत लोकांकडं वळून म्हणाली, "आता येतंय बगा. सरका, वाऱ्याला वाट द्या."

आणि खरंच आलं. आधी कपाळावर घाम फुटला. मग मान लटपटली. चेहरा लालबुंद झाला आणि लगेच पांढरा पडला. हात थरथरायला लागले, डोळे फिरले, आतून कण्हल्यासारखा आवाज निघाला. अंगणभर "आई, आई" सुरू झालं. धनाजी नावाचा एक बागायतदार पुढं सरकला आणि हात जोडून म्हणाला, "आई, दुसरं बोअर कुटल्या अंगाला मारू?"

मी उठले. असल्या वेळी पुढं जाऊन हात धरायचा, ही माझी पद्धत. घुमणाऱ्या बाईचा हात कढत असतो, आणि मनगट असं ताठ की आपल्याला झटकून देतं. हिचा हात गार होता. ओला आणि मऊ. नाडी पळत होती, सशासारखी. मी कान जवळ नेला. सगळ्यांना वाटलं, मी देवीचा शब्द ऐकतेय. मंगल ओठांतल्या ओठांत म्हणाली,

"बाई, कोण हाय तुमी… मला संडासला न्या. लवकर."

मी तिला उठवायला लागले तर दहा हात आले. "आईला उटवू नका! वारं मोडतंय!" सुलाबाईनं तर सुनेचे खांदेच दाबून धरले. ती बाई आत वाकडी होतेय, पोटात मुरडा येतोय, डोळ्यांत पाणी उभं राहिलंय, आणि बाहेर बायका तिच्या पायावर डोकी टेकवतायत म्हणून तिला पायही हलवता येत नाही.

देवाधर्माच्या नावानं मी आयुष्यात खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. गळा काढून ओरडले, "व्हा बाजूला! आई एकांत मागतीया! जो आडवा येईल त्याचं तो बघून घेईल!"

गर्दी दुभंगली. मी तिला बगलेत धरून घरामागच्या परड्यात नेलं.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली आणि धुण्याच्या दगडावर टेकून बसली. घाम उतरला होता. मी विचारलं, "आता सांग. हे काय हाय?"

तिनं इकडंतिकडं बघितलं, पदर थोडा सारला आणि पोट दाखवलं. पाच बारीक व्रण. बोटाच्या पेराएवढे, इथं-तिथं.

"पोट कापून बारीक केलंय, आक्का. आतडं वर जोडलंय. सांगलीत. गावात कुणाला म्हाईत न्हाई."

मग तिनं सगळं सांगितलं, तुकड्यातुकड्यानं, दाराकडं एक डोळा ठेवून.

लग्नानंतर वीस वर्षं ती सेलमला दुकानाच्या वरच्या खोलीत राहिली. खाली नवरा, लालासाहेब, भट्टीपाशी. वर ती. भाषा येत नाही, शेजार नाही, पोर शाळेत. करायचं काय, तर करायचं आणि खायचं. अंग वाढत गेलं. नवरा कौतुकानं म्हणो की चिडून, "टेंपो" म्हणायचा, आणि ते नाव सुट्टीत गावी आलं तेव्हा तिच्याआधी गावात पोचलं होतं. मग साखर लागली, गुडघे गेले. जेवायला बसलं की ज्यानं-त्यानं सांगायचं, मंगल, बास आता. मंगल, भात कमी. मंगल, तुला काय कळतंय का.

नणंदेच्या लेकाच्या लग्नात ती हौसेनं पंगतीत मांडी घालून बसली. जेवण झालं आणि उठता येईना. चार बायकांनी ओढून काढली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, खाली ट्रॅक्टरचा आवाज लावला आणि गावभर फिरवला.

"त्या दिवशी ठरविलं," मंगल म्हणाली. "सोनमच्या लग्नात म्या पंगतीला भुईवर बसणार. आन् उठताना कुणाचा हात धरणार न्हाई. एवडंच पायजे मला, आक्का. दुसरं काय सुदिक नगं."

लालासाहेबानं होय म्हटलं. सुलाबाईनं होय म्हटलं, पण एका अटीवर. कुणाला कळता कामा नये. "आयनं खाऊन खाऊन पोट कापून घ्यायची पाळी आणली म्हणल्यावर पोरीला कोण करील? ही बी उद्या तशीच फुगणार म्हणतील." म्हणून गावात सांगितलं, पित्ताचे खडे काढले.

ऑपरेशन झालं, ती गावी सासूपाशी राहिली, आणि पहिले दोन महिने बरे गेले. म्हणजे अंग उतरत होतं एवढंच बरं. बाकी खाणं ही एक शिक्षाच होती. आधी पाणी, ताक, डाळीचं वरचं पाणी. मग मऊ. घास इवलासा, तीसदा चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही. एक घास जास्त झाला तर छातीत दगड बसल्यासारखं होऊन सगळं वर येतं. घरात सगळे ताटं चाटूनपुसून उठायचे तरी ती आपली वाटीपुढं चावत बसलेली. तिचं एक वाक्य मी विसरणार नाही. "भूक मेली आक्का, पण जिभंला कुणी सांगितलंच न्हाई."

श्रावणातला शुक्रवार आला. गावाबाहेर टेकावर देवी आहे, तिला सगळे टेकावरची आई म्हणतात. औंधच्या यमाईची धाकटी बहीण, असं त्यांचं म्हणणं. तिला पुरणाचा नैवेद्य. सुनेनं नैवेद्य तोंडात घातला नाही तर लोक काय म्हणतील? आणि डॉक्टरनं तर मऊ, पातळ द्या म्हणून सांगितलंय. सुलाबाईनं यातून वाट काढली. दोन पुरणपोळ्या, पेलाभर दूध, वर तूप, सगळं मिक्सरात घातलं आणि फिरवलं.

"डॉक्टर म्हणला पातळ द्या. दिलं की पातळ!" ही तिची बाजू, आणि मी तिच्याशी पुढं कितीही भांडले तरी ती यावरून हलली नाही. पोळी जड, कारण ती चावावी लागते. पातळ झाली की ती औषध.

मंगलनं देवळातच ते प्यायलं आणि तिथंच ती कोसळली. घाम, थरथर, डोळे पांढरे. नाव सांगता येईना. तोंडातनं एवढंच निघालं, "पाणी… पाणी…" आणि कोपऱ्यातल्या हंड्याकडं हात लांबवला.

हंड्याच्या पलीकडं भिंत, भिंतीपलीकडं माळ, आणि माळावर धनाजीचं रान. धनाजी बायकोबरोबर दर्शनाला आला होता. त्यानं त्याच आठवड्यात हाताच्या दिशेला बोअर मारलं. लागलं पाणी. टँकरवर जगणाऱ्या गावात बोअरला पाणी लागलं म्हटल्यावर कुणाला काय सांगणार? पुढच्या शुक्रवारी दारात वीस माणसं. त्याच्या पुढच्याला मांडव.

"टेंपो म्हणणारी माणसं आई म्हणाया लागली," मंगल म्हणाली.

"आन् तू बसलीस?"

"एकदा न्हाई म्हणलं. म्हणलं, पोटात दुखतंय, गोड नगं. वारं आलंच न्हाई. लोकं म्हणली, घरात इटाळ झालाय. आत्तीनं अन्न सोडलं. आन् मग रंगूबाईचा फोन, आई रुसली काय म्हणून."

आत्ती म्हणजे तिची सासू. रंगूबाई म्हणजे कडेगावकडच्या एका मोठ्या घरची म्हातारी. तिच्या नातवाचं, ऋषिराजचं, स्थळ सोनमला आलेलं. आपणहून आलेलं. देवीच्या घरची पोरगी पाहिजे म्हणून. सोनमला पोरगा पसंत, पोराला सोनम पसंत, आणि म्हातारी दर महिन्याला येऊन मंगलच्या पायावर डोकं ठेवणार.

तर असा हा पिंजरा. ऑपरेशन झालंय हे सांगायचं तर पोरीचं लग्न मोडणार. नाही सांगायचं तर दर शुक्रवारी पुरण पिऊन मरणाच्या दारात जाऊन यायचं. गोळ्या रोज घ्यायच्या असतात, जन्मभर. त्या सुलाबाईनं बंद केल्या. जिच्या अंगात येतं तिला देवीचं झाड म्हणतात, आणि देवीचं झाड गोळ्या खातंय हे कुणी बघितलं तर? रोज चालायचं असतं. ते बंद झालं, कारण घराबाहेर पाय टाकला की कुणीतरी पाया पडायला येतं. केस मुठीनं गळत होते. आणि दिवाळीपासून उतरलेलं अंग परत भरायला लागलं होतं.

मी उसळले. "मी आत्ताच्या आत्ता भायेर जाऊन सांगते!"

तिनं माझा पदर धरला. "सांगा. आन् मग सोनमला स्थळ तुमी बगा."

माझं तोंड कुणी बंद करू शकत नाही, हे तालुक्यातल्या फौजदारालाही माहीत आहे. त्या दगडापाशी ते बंद झालं.

"आन् एक खोटं न्हाई बोलत," ती खाली बघत म्हणाली. "गोड लागतंय, आक्का. आठवडाभर मूग चावून तोंडाला फेस येतो. शुक्रवारी शंभर माणसं समोर बसून म्हणत्यात, खा. जल्मात मला कुणी खा म्हणलं नव्हतं."



दोन दिवसांनी मी तिला सांगलीला नेलं. सुलाबाईला सांगितलं, आईला कृष्णेचं स्नान घडवायचंय. दवाखान्यातली आहाराची बाई दीपाली मॅडम. तिथल्याच जैन घरातली, बोलणं सरळ. तिनं सगळं ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दर शुक्रवारी? मुद्दाम? अहो, हे डंपिंग आहे."

"डंपर?" मंगल म्हणाली.

"डंपिंग. पण तुम्ही डंपर म्हटलात तरी चालेल. वाळूचा डंपर मागून उचलल्यावर कसा एकदम खाली होतो? पूर्वी तुमचं पोट अन्न धरून ठेवायचं आणि थोडं थोडं पुढं ढकलायचं. आता ती जागा उरली नाही. गोड आणि पातळ घेतलं की सगळं एका झटक्यात आतड्यात ओतलं जातं. अंगातलं पाणी तिकडं धावतं, छाती धडधडते, घाम येतो, जुलाब होतात. देवीबिवी काही नाही."

"ते आमाला बी कळतंय," मंगल म्हणाली. "आमी काय खुळं न्हाई. पर करायचं काय?"

"गोड बंद. आधी अंडं, मूग, हुलगा, पनीर. मग भाजी. जागा उरली तर भाकरीचा तुकडा. चावून. गोळ्या चालू. चालणं चालू." मग मॅडमचा आवाज जरा उतरला. "ताई, हे पोट एकदाच मिळतं. हे वाया घालवलंत तर मी दुसरं कुठून आणू?"

परतीच्या एसटीत तासगाव मागं पडेपर्यंत मंगल खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम हसायला लागली.

"काय झालं?"

"आदी गाडी टेंपो हुती. आता डंपर झाली. लालासाहेबास्नी सांगितलं तर म्हणत्याल, धंदा वाढला."

हसून झाल्यावर म्हणाली, "आक्का, आईनं निवद बदलून मागितला तर? गोड नगं, हुलग्याचं माडगं पायजे म्हणली तर?"

"मी देवीला मानत न्हाई, मंगल. असल्या खोट्याला मी साथ देणार न्हाई."

"तुमी नगा मानू. आत्ती मानत्यात."

मला राग आला. माझा उभा जन्म लोकांना खरं सांगण्यात गेला, आणि ही बाई मला तेच वारं वळवायला सांगत होती. विट्याच्या स्टँडवर आमची चांगली जुंपली. कंडक्टर बघत होता. पण शुक्रवारी मी गेलेच.

त्या शुक्रवारी नेमकी रंगूबाई आलेली, लग्नाची तारीख काढायला. पुढच्या रांगेत, काठी मांडीवर आडवी. सोनम दाराआड उभी, ओठ पांढरे. सुलाबाई वाटी घेऊन आली, तशी मंगलनं डोळे मिटले आणि जाड आवाज काढून म्हणाली,

"गोड नगं. हुलग्याचं माडगं आणा. लसणाचं."

अंगण चपापलं. सुलाबाईचं तोंड उघडंच राहिलं, पण देवीचा शब्द मोडायचा कसा? माडगं शिजून आलं. हुलग्याच्या पिठाची ती साधी पेज. ज्यांच्या घरी दुसरं काही नसतं त्यांचं जेवण. मंगल चमचा-चमचा खात राहिली. प्रत्येक घोट तोंडात घोळवून, थांबून, मगच गिळायचा. शंभर माणसं बघत होती आणि ती चूळ भरल्यासारखं तोंड हलवत होती.

आरती झाली. लोक थांबले. काही येईना. घाम नाही, थरथर नाही. बाई ताजीतवानी बसलेली, नुसती.

"आई, बोला की," धनाजी म्हणाला. "गाडी उद्या येणार हाय बोअरची."

"मला काय ठावं?" मंगल म्हणाली, आपल्या नेहमीच्या आवाजात.

मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "टेंपो बंद पडला!" आणि पाच-सहा जण खुसखुसले. ते हसू मी ओळखलं. ते त्या व्हिडिओतलं हसू होतं, गेलं कुठंच नव्हतं, चपला काढून मांडवात बसलेलं होतं. मंगलनंही ओळखलं. तिची मान खाली गेली.

सुलाबाईनं चटकन पुरणाची वाटी उचलली आणि तिच्या ओठाला लावली. "पी. एकच घोट. पोरीकडं बग, मंगल." शेवटचे शब्द दातात धरून.

मंगलनं दाराकडं बघितलं. सोनम तिच्याकडं बघत होती. सोनमनं मान हलवली. नको, अशी. एवढीशी.

मंगलनं वाटी हातानं बाजूला केली.

"आत्ती, बास. मंडळी, माझ्या अंगात काय येत न्हाई. माझं पोट कापल्यालं हाय. जाड हुते म्हणून. गोड खाल्लं की मला असं हुतंय. खोटं वाटत आसंल तर ह्ये बगा." आणि तिनं पदर सारला.

पाच व्रण. सुलाबाई मटकन खाली बसली. मला वाटलं, झालं, सुटली. आता काय होईल ते होईल, पण खरं एकदा बाहेर पडलं.

रंगूबाई काठी टेकत पुढं आली. डोळे बारीक करून तिनं ते व्रण मोजले, पंजा उघडला आणि मंगलच्या पोटासमोर धरला. पाच व्रण, पाच बोटं.

"आईचा पंजा," म्हातारी म्हणाली, आणि तिचा आवाज कापला. "बोकूड न्हाई, कोंबडं न्हाई, आपल्या झाडाच्या पोटाचाच निवद घेतला गं आईनं!" आणि तिनं डोकं मंगलच्या पोटाला टेकवलं.

मागोमाग सगळं अंगण उठलं.

मी घोंगड्यावर उभी राहून ओरडले, "अहो, ती दुर्बिणीची भोकं हायती! ऑपरेशन! सांगलीला! डॉक्टरचं नाव सांगू का?"

"व्हय व्हय, आक्का," धनाजी समजूत काढल्यासारखा म्हणाला, "आईच्या हातात दुर्बीण बी आसंल. डॉक्टरच्या हातानं करून घेती ती."

मी पुष्कळ सभा उधळून लावल्यात. माझी सभा अशी कुणी उधळली नव्हती. त्यांनी माझं खरं नाकारलं असतं तर मी भांडले असते. त्यांनी ते मान्य केलं, आणि देवळात नेऊन ठेवलं.

मंगल त्या गर्दीत बसून होती. तिच्या तोंडावर मी जे बघितलं, ते विहिरीत पडलेल्या माणसाच्या तोंडावर दिसतं, दोर आला आणि हातात येताच तुटला तर. रंगूबाईनं पिशवीतून पेढा काढला, तिच्या पोटाला लावला आणि तोंडापुढं धरला. "घ्या आई. तारीख माघातली धरली, तोंड गोड करा."

म्हातारीचा हात हवेत. सगळे थांबलेले. मंगलनं पेढ्याकडं बघितलं. तोंडाला सुटलेलं पाणी तिनं गिळलं, ते मला दिसलं. खोटं कशाला लिहू, तिला तो हवा होता. मग तिनं पेढा घेतला आणि रंगूबाईच्याच तोंडात कोंबला.

"तुमी खावा. हितनं पुढं माझ्या वाटचं समद्यांनी खायाचं. म्या न्हाई खाणार. कवाच न्हाई."

"जशी आज्ञा," म्हातारी भरल्या तोंडानं म्हणाली.

आणि मंगल उठली. दोन हात पुढं आले तिला धरायला, चार हात, दहा हात. ते तिनं झटकले. एक गुडघा टेकवला, एक पाय रोवला, तोंडातनं "हं" निघालं, आणि भुईवरनं आपली आपण उभी राहिली. ते सोनमनं बघितलं आणि मी. बाकीच्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

माघात लग्न झालं. पंगत भुईवर होती. मंगलच्या ताटात एक अंडं, मूठभर मूग, आणि भोवती बघायला आलेल्या बायकांचं रिंगण. ती कशी चावते हे बघायला. ती सुखासुखी जेवली असं म्हणता येणार नाही. पण उठली, कुणाचा हात न धरता.

शुक्रवार काही बंद झाले नाहीत. सुलाबाई अजून घोंगडं अंथरते, गोड पोराबाळांत वाटून टाकते आणि वाऱ्याची वाट बघत बसते. माझ्याशी बोलत नाही. तिच्या मते मी आले आणि देवी रुसली. म्हणून मंगलनं एक केलंय. शुक्रवार असो नसो, आरतीची वेळ झाली की ती मागच्या दारानं बाहेर पडते आणि चालायला लागते. टेकाच्या पायथ्यानं, धनाजीच्या बोअरवरून, वळसा घालून. मॅडमनं सांगितलंय तेवढं आणि वर थोडं.

मागच्या खेपेला मी तिच्याबरोबर निघाले. ऊन उतरलं होतं. ती माझ्यापुढं, पायात सोनमचे बूट, पदर खोचलेला. माझा दम निघत होता.

"मंगल, सावकाश. कुणाची गाडी चुकत न्हाई."

"मागं बगा की."

मी वळून बघितलं. दहा-बारा बायका, हळदीकुंकवाची ताटं घेऊन, पाच-पन्नास पावलांवरून येत होत्या. आई शिवार फिरायला निघाली म्हणून. एकीच्या हातात झाकलेली वाटी होती.

"रोज?"

"रोज. थांबले की गाठत्यात, पाया पडत्यात, वाटी पुढं करत्यात. जीब काय अजून मेली न्हाई, आक्का." तिनं कपाळावरचा घाम पुसला. हा घाम निराळा होता. "मॅडम इचारत हुत्या, रोज चालायचा हुरूप कुटनं आणता. काय सांगू त्यास्नी?"

मागून हाक आली, "आई, ओ आई, जरा दमानं!"

"चला आक्का," मंगल म्हणाली, "आल्या," आणि तिनं पाय उचलला.